गुऱ्हाळघरातली सुरक्षा : एका हंगामाचं प्रकरण

या प्रकरणातलं गाव, माणसं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. खर्चाचे आकडे गोळाबेरीज आहेत. नोंदणीत नसलेल्या, दहा-पंधरा माणसांच्या कामावर सुरक्षा आणायची तर गाडी कुठे अडते आणि कुठे पुढे सरकते, ते एका गुऱ्हाळघराच्या अनुभवातून इथे मांडलं आहे.

पार्श्वभूमी

कोल्हापूर भागात दिवाळीच्या आगेमागे गुऱ्हाळं पेटतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतात. हे गुऱ्हाळघर नदीकाठच्या एका गावाबाहेर, उसाच्या रानातच आहे. पत्र्याचं छप्पर, तीन बाजू उघड्या. एका अंगाला विजेच्या मोटरीवर चालणारा घाणा, मधे चुलवाण (मोठी भट्टी) आणि त्यावर काहील (रस आटवायची मोठी कढई), पलीकडे गूळ निववायचा वाफा, मागे चिपाडं (रस काढून उरलेला ऊस) वाळत घालायचं मोकळं रान. मालक स्वतः शेतकरी. आपला ऊस गाळतो आणि आसपासच्या शेतकऱ्यांचाही गाळून देतो.

कामावर चौदा माणसं. गुळव्या (पाक जोखून गूळ उतरवणारा कारागीर) आणि त्याचा मदतनीस, घाण्यात ऊस घालणारे दोघे, चुलवाणाला जाळ घालणारे दोघे, काहील उतरवून गूळ भरणारे चौघे आणि चिपाडं वाळवून भारे वाहणाऱ्या चार बायका. गूळ भरणाऱ्यांपैकी दोघे उत्तर प्रदेशातून आलेले. मजुरी आदणावर. एक काहील रस आटून गूळ वाफ्यात उतरला की एक आदण झालं. साधारण हजार लिटर रसातून दोनशे किलोच्या आसपास गूळ पडतो. काम पहाटे तीनला सुरू होतं आणि दिवसात जितकी आदणं निघतील तितके सगळ्यांचे पैसे. म्हणजे एकाचा हात थांबला की चौदा जणांची मजुरी थांबते. पुढचं बरंचसं या एका गोष्टीशी येऊन ठेपतं, म्हणून ती आधीच सांगितली.

काहिलीवर कुणाच्या शब्दाला मान असतो तेही सांगायला हवं. पाक होत आला की गुळव्या त्याचे दोन थेंब गार पाण्याच्या वाडग्यात टाकतो, बोटांनी गोळी वळते का बघतो, मग ती गोळी पत्र्यावर आपटून आवाज ऐकतो. थर्मामीटर लावला तर तेव्हा पाकाचं तापमान 116 ते 118 अंश सेल्सिअसच्या आसपास भरतं. त्या घडीला काहील उतरली नाही तर गूळ करपतो, म्हणून गुळव्याने हाक दिली की सगळे धावतात. गुऱ्हाळघरात मालकाच्या बरोबरीने गुळव्याचं चालतं, आणि सुरक्षेची गोष्ट त्याला वगळून करता येत नाही.

कायदा या जागेपर्यंत फारसा पोचत नाही. कारखाने अधिनियम 1948 मध्ये विजेवर चालणाऱ्या जागेसाठी दहा कामगारांची मर्यादा होती. महाराष्ट्राने 2015 मध्ये दुरुस्ती करून ती वीसवर नेली. चौदा माणसांचं, वर्षातले पाच-सहा महिने चालणारं हे काम तपासणीच्या यादीत नव्हतं. यंत्राच्या फिरत्या भागांना आडोसा हवा, हे त्या कायद्यातलं कलम 21 चांगलं होतं, पण ते या घाण्यावर कुणी लागू करायला येणार नव्हतं.

अडचण

आम्ही सुरक्षेच्या कामासाठी तिथे गेलो त्याच्या आदल्या हंगामात घाण्यावर ऊस घालणाऱ्या एका तिशीतल्या कामगाराच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. पहाटेची वेळ, थंडीमुळे अंगात लांब बाह्यांचा स्वेटर. वाकडा ऊस घाण्याच्या लाटांच्या (ऊस पिळणाऱ्या फिरत्या रुळांच्या) तोंडाशी अडकला. मोटर चालू ठेवूनच तो हाताने सरळ करायला गेला आणि स्वेटरची बाही उसाबरोबर आत ओढली गेली.

त्यानंतरची काही मिनिटं कशी गेली, ते तिघांनी आम्हाला वेगवेगळं सांगितलं, पण दोन गोष्टी तिघांच्या बोलण्यात सारख्या होत्या. एक, मोटरीचा स्टार्टर पलीकडच्या भिंतीला, चिपाडांच्या ढिगामागे होता, त्यामुळे ओरडा ऐकल्यावर एकाला ढिगाला वळसा घालून पळावं लागलं. दुसरी, मोटर बंद झाल्यावरही हात सुटत नव्हता. लाटा सैल करायला नट ढिला करायला हवा होता आणि त्याचा पाना ट्रॅक्टरच्या पेटीत, बाहेर गेलेला होता. पाना येईपर्यंत तो माणूस हात लाटांत अडकलेल्या अवस्थेत उभा होता.

मालकाने त्याला लगेच दवाखान्यात नेलं, सगळं बिल भरलं, दोन महिने घरखर्चाला पैसे दिले. मग तो कामगार आपल्या गावी गेला. गुऱ्हाळघरात लाल रंगात "सावधान" असा बोर्ड लागला. काय झालं होतं असं विचारलं की मालकापासून जाळ घालणाऱ्यापर्यंत प्रत्येकाचं उत्तर एकच यायचं, त्याचं लक्ष नव्हतं.

या उत्तरापाशी चौकशी थांबते, हे आम्हाला लहान जागांवर पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पहाटे तीनला उठलेला माणूस अंधुक उजेडात एका लयीत शेकडो ऊस घाण्यात सारतो, तेव्हा त्याचं लक्ष कधी ना कधी ढळणारच. तेवढ्याने बोटं जातात, कारण लाटांचं तोंड हाताच्या टप्प्यात उघडं आहे, बंद करायचं बटण दूर आहे आणि मोटर थांबवली तर आदण लांबतं. या तिन्ही गोष्टी त्या हंगामानंतरही जशाच्या तशा होत्या.

घाण्याखेरीज बाकीचंही होतंच. वाफ्याभोवतीची जमीन रस आणि मळीने निसरडी झालेली, त्यावरून अनवाणी पायांनी उकळती काहील कलती करायची. मोटरीचा पट्टा उघडा. वायरींना जागोजाग चिकटपट्ट्या. भाजलं तर टूथपेस्ट.

समोरचे पर्याय

तक्रार हा पहिला पर्याय. मर्यादेखालच्या जागांनाही कायदा लावायचा अधिकार राज्याला कारखाने अधिनियमाच्या कलम 85 ने दिलेला होता, पण तो वापरला जाऊन कुणी या रानात पोचेपर्यंत हंगाम संपला असता. शिवाय मालकाने उद्यापासून येऊ नका म्हटलं असतं तर चौदा घरांचं नुकसान झालं असतं. दुसरा पर्याय नव्या यंत्रांचा. त्याची किंमत लाखांत आणि मालकाच्या डोक्यावर आधीचंच कर्ज.

तिसरा पर्याय हातमोजे, बूट, गॉगल वाटायचा. अशी वाटपं आम्ही पाहिली आहेत. फोटो चांगले येतात. घाण्यावर मात्र हातमोजा घातक आहे. फिरत्या लाटांत तो बोटांच्या आधी सापडतो आणि हात ओढून नेतो. गुडघ्याखालचे गमबूट वाफ्यापाशी दिले तर उकळता पाक वरून आत शिरतो आणि बूट निघेपर्यंत पाय भाजत राहतो. काय द्यायचं ते कामाजवळ उभं राहून बघितल्याशिवाय ठरवू नये, ते यासाठीच.

चौथा पर्याय सहभागाच्या पद्धतीचा होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून लहान उद्योगांसाठी "वाइज" नावाची पद्धत विकसित केली. जपानचे काझुताका कोगी हे त्यामागचं महत्त्वाचं नाव. पुढे व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यात तीच पद्धत शेतकरी कुटुंबांसाठी "विंड" या नावाने वापरली गेली. तिचा क्रम साधा आहे. चुका मोजायच्या आधी त्याच जागेतल्या आणि शेजारपाजारच्या चांगल्या गोष्टी बघायच्या, काम करणाऱ्यांनीच काय बदलायचं ते ठरवायचं, स्वस्तातलं आणि लगेच होणारं आधी करायचं, आणि प्रत्येक बदल उत्पादनाशी जोडून बघायचा. मालकाने याला हो म्हटलं. त्याची अट एकच होती, काम बंद ठेवायचं नाही.

काय केलं

पहिल्या फेरीत आम्ही गुळव्या आणि दोन कामगारांच्या हातात मोबाईल दिला आणि जे नीट चाललंय त्याचे फोटो काढा म्हटलं. जे आलं ते आम्ही सुचवूच शकलो नसतो. घाण्यावरच्या जुन्या कामगाराने स्वतःसाठी बाभळीचा हातभर दांडका करून ठेवला होता. उसाचं शेवटचं टोक तो त्याने ढकलायचा. गुळव्याने काहिलीजवळ पाय घट्ट बसावा म्हणून एक फरशी टाकीने टोचून खडबडीत करून घेतली होती. शेजारच्या गुऱ्हाळात पट्ट्याला जुन्या खिडकीचं ग्रिल लावलेलं होतं. हे फोटो रात्री भिंतीवर दाखवले तेव्हा दांडक्याचा मालक एकदम पुढे येऊन बसला.

मग धोक्यांचे फोटो मांडले आणि प्रत्येकाला पाच शेंगदाणे दिले. ज्याची काळजी वाटते त्या फोटोवर ठेवा. सगळ्यात जास्त दाणे पडले वाफ्याजवळच्या निसरड्या जमिनीवर. त्याखालोखाल धूर. घाणा तिसरा.

इथे पहिला खरा निर्णय घ्यावा लागला. पद्धत सांगते की लोकांनी ठरवलेला क्रम पाळा. पण दाण्यांचा हिशोब पाहिला तर गोष्ट उघड होती. निसरड्या जमिनीवरून सगळे चालतात, धूर सगळ्यांच्या डोळ्यांत जातो, घाण्यासमोर मात्र दोघेच उभे राहतात. मतदानातून किती जणांना त्रास होतो ते कळतं. एकाचं किती मोठं नुकसान होऊ शकतं ते त्यात उतरत नाही. आम्ही हे तिथेच मोकळेपणाने बोललो आणि एक नियम मांडला. जिथे जीव किंवा हातपाय जाऊ शकतो ती गोष्ट मताला टाकायची नाही, ती करायचीच. ती कशी करायची ते मात्र तिथे काम करणाऱ्यांनी ठरवायचं. गुळव्याने मान डोलावली आणि बाकीच्यांनी ऐकलं. सहभागाच्या पद्धतीने काम करणाऱ्या प्रत्येकाने हा फरक पहिल्याच दिवशी स्पष्ट करावा, असं आमचं ठाम मत आहे.

दुसरा निर्णय सुरुवातीचा. घाण्याच्या तोंडाला ऊस सारायची लांब, झाकलेली पन्हाळी बसवायची होती (तिची गोष्ट पुढे येते), पण ती करून घ्यायला वेळ लागणार होता. तोवर बिनखर्चाची किंवा थोडक्या खर्चाची कामं लगेच केली. प्रत्येक ऊस घालणाऱ्याला दांडका. घाण्याचा पाना साखळीने घाण्यालाच बांधला. चिपाडांचा ढीग स्टार्टरसमोरून हलवला. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, गळ्यातला टॉवेल खुंटीला. वायरमनने मोटरीच्या स्टार्टरला जोडून एक मोठं लाल बटण ऊस घालणाऱ्याच्या गुडघ्याजवळ बसवलं, म्हणजे हात अडकला तरी गुडघ्याने दाबता येईल. ही कल्पना आमची नव्हती, ऊस घालणाऱ्याची होती. आम्ही ते छातीच्या उंचीवर लावणार होतो.

दोन्ही बैठका रात्री, शेवटचं आदण उतरल्यावर झाल्या होत्या. त्या वेळी बायका घरी गेलेल्या असायच्या. म्हणून एक बैठक दुपारी, चिपाडांच्या रानात, त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत घेतली. त्यांच्यातल्या वयाने मोठ्या मावशी म्हणाल्या, "वर काहील लोंबतीया आणि आम्ही खालनं भारा घेऊन चुलवाणाकडं जातोय. हे तुमच्या फोटोत कुठं हाय?" कुठेच नव्हतं. पाकाने भरलेली काहील यारीने (दोराने जड वस्तू उचलायच्या साधनाने) उचलून वाफ्याकडे फिरवतात, आणि भारे आणायची वाट नेमकी त्या फिरण्याच्या पट्ट्यातून जात होती. डोक्यावर भारा असला की वरचं दिसत नाही. आतापर्यंतच्या पाहणीतला हा सगळ्यात मोठा धोका आणि तो आम्हाला, मालकाला, गुळव्यालाही दिसला नव्हता, कारण काहील उतरवताना सगळ्यांचे डोळे काहिलीवर असतात. वाट दुसऱ्या दिवशी छपराच्या मागून काढली आणि काहील उचलली की आडवी दोरी लावायचं ठरलं. खर्च दोरीचा.

धुरावरही उपाय तिथेच निघाला. रात्रीच्या दवाने चिपाडं ओलसर होतात आणि पहाटेच्या पहिल्या दोन आदणांना धूर कोंडतो, हे त्यांनी सांगितलं. वाळलेल्या ढिगावर ताडपत्री टाकली तर धूर कमी होतो आणि सकाळी चिपाडं परत पसरायचे कष्ट वाचतात. मालकाला हे ऐकून बरं वाटलं, कारण कोरडं जळण म्हणजे आदण लवकर. बायकांनी आडोशाचं, संडासाचं मागणंही त्याच बैठकीत मांडलं. त्यावर नंतर येतो.

पन्हाळीची गोष्ट

घाण्याच्या उपायाची वाट मळणीयंत्राने दाखवली. आपल्याकडे मळणीयंत्रांनी एके काळी इतके हात गेले की संसदेने 1983 मध्ये धोकादायक यंत्रांचा कायदा केला. मळणीयंत्राच्या भारतीय मानकात घास घालायची पन्हाळी किमान 90 सेंटिमीटर लांब आणि तिचा यंत्राकडचा 45 सेंटिमीटरचा भाग वरून झाकलेला असावा, असं सांगितलेलं आहे. त्यामागचा विचार सरळ आहे. झाकणाच्या अलीकडे उभ्या माणसाचा हात फिरत्या भागापर्यंत पोचूच नये. इथे बहुतेकांनी मळणीयंत्र वापरलेलं होतं, त्यामुळे समजावून सांगावं लागलं नाही. गावातल्या वेल्डिंगवाल्याने जाड पत्र्याची तशीच पन्हाळी करून घाण्याच्या तोंडाला नटबोल्टने बसवली.

तिसऱ्या दिवशी ती काढून भिंतीला टेकवलेली होती.

मालक चिडला. एवढा खर्च केला आणि यांना नको, असं त्याचं म्हणणं. आमच्यातल्या एकाचंही मत पडलं की लांबी थोडी कमी करू, साठ सेंटिमीटर ठेवू, म्हणजे निदान वापरतील. हा प्रसंग या प्रकरणातला सगळ्यात नाजूक होता. लांबी कमी केली असती तर पन्हाळी दिसायला राहिली असती आणि हात पुन्हा लाटांच्या टप्प्यात आला असता. त्यापेक्षा वाईट म्हणजे सगळ्यांना वाटलं असतं की आता धोका गेला.

म्हणून आधी ऊस घालणाऱ्यांना विचारलं. "लांब झालं ओ," त्यातला एक म्हणाला, "ऊस मधीच वाकतोय, परत उचलून घालायला लागतोय. दुपारपर्यंत कंबर धरली माझी." त्याच्याशेजारी उभं राहून त्याचं काम बघितल्यावर कळलं की खरी अडचण लांबीची नव्हती. पन्हाळी बसवल्यावर ऊस घालायची जागा मागे सरकली होती, पण उसाचा ढीग जुन्याच जागी, जमिनीवर राहिला होता. आता त्याला दर वेळी वळून, वाकून ऊस उचलावा लागत होता. पन्हाळीचं तोंडही कमरेच्या खाली गेलं होतं.

बदल असे केले. ढिगासाठी जुन्या बैलगाडीच्या साट्याचा मांडव, म्हणजे ऊस ठेवायचा ओटा, पन्हाळीला लागून, कोपराच्या उंचीवर केला. पन्हाळीला घाण्याच्या दिशेने किंचित उतार दिला आणि तोंडाशी फिरता पाइप बसवला, म्हणजे ऊस घासत न जाता सरकतो. लांबी आणि झाकण तसंच ठेवलं. मांडवावर ऊस ठेवतानाच पाचट, माती, दगड आणि फार वाकडे ऊस बाजूला काढता येऊ लागले, त्यामुळे अडकणं कमी झालं. लाटांत दगड गेला तर दुरुस्तीला दिवस जातो, हे मालकाला पाठ होतं. एका आठवड्यात ऊस घालणाऱ्यांनी पन्हाळीबद्दल बोलणं सोडून दिलं, आणि ती जागेवर राहिली.

आदणाचा दर

पन्हाळी असली तरी ऊस कधी तरी अडकतोच. तेव्हा मोटर बंद करायची, मगच पन्हाळीचं झाकण उघडायचं, असं ठरलं. पण दर आदणावर असताना मोटर बंद करणाऱ्याकडे तेरा माणसं बघत असतात. गुळव्या स्पष्ट म्हणाला, "हात चालला तर आदण चालतंय. मी थांबा म्हणलो तर माझंबी कमी होतंय." यात त्याचा दोष नव्हता.

आम्ही मालकापुढे दोन गोष्टी ठेवल्या, रोजंदारी द्या किंवा ऊस अडकल्यामुळे गेलेला वेळ भरून द्या. रोजंदारीला तो तयार झाला नाही, आणि खरं सांगायचं तर कामगारांनाही ती नको होती. चांगल्या दिवशी आदणावर जास्त सुटतात. शेवटी एवढंच ठरलं की घाणा अडकून दिवसाचं ठरलेलं शेवटचं आदण राहिलं तर त्याची अर्धी मजुरी मालक देईल, आणि मोटर बंद करायचा शब्द गुळव्या स्वतः देईल. हा अर्धा तोडगा आहे. दुसरा भागच जास्त कामी आला. गुळव्याने हाक दिली की कुणी बोलत नाही.

निष्पत्ती

पन्हाळी, मांडव, पट्ट्याचं ग्रिल, लाल बटण, गळती होताच वीज तोडणारा स्विच, घाण्यावरचा दिवा, वाफ्याभोवती टाकी मारून खडबडीत केलेली जमीन आणि पाण्याला उतार, ताडपत्री, नळ लावलेलं पिंप, सगळं मिळून बाराएक हजार रुपये झाले. त्या हंगामात क्विंटलला चार हजारांच्या आसपास भाव होता. म्हणजे दीड आदणाचा गूळ.

उरलेल्या हंगामात घाण्यावर कुणाला इजा झाली नाही. एका हंगामावरून यश जाहीर करू नये. आधीच्या कितीतरी हंगामांतही काही झालं नव्हतं. आमच्या लेखी जास्त महत्त्वाची खूण ही, की आम्ही नसताना पहाटे गेलेल्या माणसालाही झाकण लावलेलंच दिसलं. दोघांचे पाय भाजले, एकाचा बऱ्यापैकी. त्याला लगेच पिंपाच्या नळाखाली वीस मिनिटं बसवलं. गुळाचा पाक कातडीला चिकटून बसतो आणि भाजत राहतो. वाहत्या गार पाण्याने उष्णता उतरते आणि पाकही विरघळतो. टूथपेस्ट कुणी काढली नाही. काहील कलती करायच्या आकड्याचा दांडा हातभर वाढवल्यावर उभं राहायची जागा मागे गेली, त्याचाही उपयोग झाला.

काही गोष्टी टिकल्या नाहीत. दोरी महिन्याभरात लावायची बंद झाली, पण बायकांची वाट छपरामागून गेली ती गेलीच. जी गोष्ट रोज आठवणीने करावी लागते ती सुटते, जी एकदा हलवली ती राहते. संडास झाला नाही. पत्र्याचा आडोसा उभा राहिला, तोही हंगाम संपता संपता. बायकांनी मागितलेली गोष्ट शेवटी राहिली, हे लिहून ठेवायला हवं.

वेगळं काय करता येईल

दुपारची बैठक पहिली घ्यावी. बायका चुलवाण, काहील, घाणा या तिन्ही जागांमधून दिवसभर ये-जा करतात, त्यामुळे एका जागी उभ्या असलेल्या माणसापेक्षा त्यांना जास्त दिसतं. उत्तर प्रदेशातले दोघे पहिल्या बैठकीत गप्प होते. फोटो दाखवून हिंदीत वेगळं बोलल्यावर त्यांनी यारीच्या झिजलेल्या दोराकडे बोट दाखवलं. त्यांच्याकडे गुऱ्हाळाचा अनुभव आपल्यापेक्षा कमी नसतो. आणि गुळव्याला आमंत्रित म्हणून न बोलावता त्याच्याच नावाने बैठक बोलवावी.

धोका मोठा असेल तर पन्हाळी होईपर्यंत घाण्यासमोर नवा माणूस उभा करायचा नाही, अशी अटही आधीच घालता येते. या प्रकरणात त्या मधल्या दिवसांत दांडक्यावर भिस्त होती.

भरपाईचा प्रश्न

शेवटचा निर्णय सगळ्यात अवघड होता. बोटं गेलेल्या कामगाराला भरपाईचा हक्क होता. तेव्हा लागू असलेला 1923 चा भरपाई कायदा विजेवर चालणाऱ्या लहान जागांनाही लागू होता, वीस कामगारांची अट 2009 च्या दुरुस्तीत गेली होती. त्याच्या पहिल्या परिशिष्टात एका हाताची दोन बोटं गेली तर कमाईची ताकद 20 टक्के घटली असं धरलेलं होतं. तिशीतला माणूस आणि महिना बारा हजारांच्या आसपास कमाई, असा हिशोब केला तर रक्कम तीन लाखांच्या घरात जाते. दवाखान्याचं बिल त्यात धरत नाहीत. दावा करायला अपघातापासून दोन वर्षांची मुदत, त्यातलं एक वर्ष गेलेलं. वर्षाला वीस रुपयांत मिळणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा त्याच्याकडे असता तरी बोटांसाठी त्यात काही मिळालं नसतं. तिथे अंशतः अपंगत्व धरायला अख्खा हात, पाय किंवा डोळा निकामी व्हावा लागतो.

हे त्याला सांगितलं तर मालक आम्हाला दारात उभं करणार नाही आणि चालू काम बंद पडेल, अशी भीती आमच्यातल्या काहींना वाटत होती. दुसरी बाजू अशी की तेरा-चौदा जणांच्या सुरक्षेसाठी पंधराव्याचा हक्क दाबून ठेवायचा अधिकार आम्हाला कुणी दिला नव्हता. आम्ही दोघांनाही सांगायचं ठरवलं, आणि मालकाला आधी, तोंडावर. तो काही दिवस आमच्याशी बोलला नाही. पन्हाळीचं काम तेव्हा झालेलं होतं, ते त्याने काढलं नाही.

पुढे गुळव्या मधे पडला. मालक आणि कामगार दोघांनी समोरासमोर बसून रक्कम ठरवली, कायद्याच्या हिशोबापेक्षा कमी नाही हे तपासून घेतलं, आणि तो करार त्याच भरपाई कायद्याच्या कलम 28 प्रमाणे कामगार भरपाई आयुक्तांकडे नोंदवला. नुसत्या कागदावर सह्या करून ठेवल्या असत्या तर त्याला अर्थ उरला नसता. नव्या हंगामासाठी मालकाने विमा कंपनीकडून कामगार भरपाईची पॉलिसीही घेतली आहे. पहिला हप्ता कामगाराच्या खात्यात जमा झाला. दुसरा यंदाचा गूळ विकल्यावर द्यायचा आहे.